धामणीचं झाड ओळखायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

आमच्या मुलांच्या हातात आता इथल्याच रानातली धनुष्यं आहेत. ती तुमच्यामुळे आली. समोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

तिरंदाजीतला इंडियन राउंड हा प्रकार बांबूच्या धनुष्यावर खेळतात, 50 आणि 30 मीटरवरून. खेड्यातली पोरं तिरंदाजीकडे वळतात ती बहुधा इथूनच, कारण ऑलिम्पिकमध्ये वापरतात त्या रिकर्व्ह धनुष्याचा खर्च घरच्यांना झेपत नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात राहून धनुष्यं बाहेरून का मागवायची, एवढंच विचारायला मी तुमच्याकडे आलो होतो. वनरक्षक म्हणून तुमची सगळी नोकरी याच जंगलात गेली, तेव्हा तुम्ही झाडांची नावं सांगाल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "आधी गावाले इचार, कोनतं लाकूड कशाले वापरतेत."

मी विचारत फिरलो. कावडीचा दांडा? धामण. कुऱ्हाडीचा? धामण नाहीतर धावडा. कावड खांद्यावर प्रत्येक पावलाला वाकते आणि परत सरळ होते, दिवसभर, वर्षानुवर्षं. धनुष्याला दुसरं काय करायचं असतं? परीक्षा गावानं आधीच घेऊन ठेवली होती, मला फक्त निकाल वाचायचा होता. याच धामणीच्या लाकडाच्या बिलियर्ड्सच्या काठ्याही बनत, हे मला नंतर कळलं आणि फार आनंद झाला.

झाड ओळखायचं कसं, तेही तुम्ही पानापासून शिकवलंत. पानाच्या कडेला दाते, आणि देठाजवळ पान तिरकं, एक बाजू दुसरीपेक्षा खाली उतरलेली. उन्हाळ्यात बारीक पिवळी फुलं, मग वाटाण्याएवढी काळी फळं, पोरं आणि पाखरं दोघंही खातात ती. पानं झडल्यावर साल बघायची: आतली साल तंतूंची, ओढली की पट्टी निघते, तिचे दोर वळतात. आता माझी आठवीतली मुलंसुद्धा धामण लांबून दाखवतात.

पण झाड ओळखलं म्हणजे लाकूड मिळालं असं नाही, हे तुमचं शिकवणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. धामणीची दहा झाडं बघून तुम्ही नऊ सोडायचात. सालीवरच्या भेगा खोडाभोवती पिळा घालत वर गेल्या असतील तर आतली रेषाही, म्हणजे तंतूंची दिशाही, पिळलेली, ते झाड सोडायचं. उतारावर कललेलं झाड सोडायचं, कारण कललेल्या खोडात एका अंगाचं लाकूड वेगळं घडतं आणि वाळताना वाकडं होतं. मनगटापेक्षा जाड, गाठी नसलेला पुरुषभर उंचीचा सरळ तुकडा मिळाला तरच पुढं. आणि तो करवतीनं कापायचा नाही, पाचर मारून उभा फोडायचा, म्हणजे लाकूड स्वतःच्या रेषेनं दुभंगतं. करवत रेषा तोडते. ओढल्यावर धनुष्याच्या पाठीवर, म्हणजे बाहेरच्या अंगावर, ताण येतो आणि पोटावर, म्हणजे आपल्याकडच्या अंगावर, दाब; पाठीवरची रेषा जिथं तुटलेली असेल तिथूनच चीर निघते.

धावडा मजबूत आहे, पण वाळताना तडकतो. साग सरळ फाटतो, पण सागाची पट्टी आमच्याकडे थोडी वाकून कडकन मोडली. तिवस चिवट आहे. पण तिवसाचं नाव काढताच तुम्ही कायद्यातल्या संरक्षित झाडांची यादी ऐकवलीत आणि तो विषय तिथंच संपवलात. ते बरं केलंत.

तासताना तुम्ही रंधा बाजूला ठेवून काचेच्या तुकड्यानं खरवडायला लावायचात, दर थोड्या वेळानं वाकवून बघत. यामागचं गणित मी मुलांना फळ्यावर मांडून दाखवलं: धनुष्याचं पातं दुप्पट रुंद केलं तर ताकद दुप्पट, दुप्पट जाड केलं तर आठपट. म्हणून जाडीतला केसाएवढा फरकही हाताला लागतो.

बांबूचंही तसंच. काटस जातीचा बांबू पोकळ, तो बाजूला. मानवेल जातीचा घ्यायचा, आणि तीही कोरड्या टेकाडावरची, कारण ओल्या जागेतली मानवेल आतून पोकळ होत जाते. तीन वर्षं भरलेली, थंडीत तोडलेली. कोवळ्या बांबूला घुण लवकर लागतो. बाहेरच्या पाठीला चाकू लावायचा नाही, कारण बांबूचे तंतू तिथंच दाट असतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्यासाठी ताड, बांबू, लाकूड आणि शिंग सांगितलंय, आणि दोरीसाठी रुई, ताग, वेळूसुद्धा. ते वाचलं तेव्हा तुम्ही रुईच्या सालीचा पीळ देत बसलेले डोळ्यांसमोर आले.

ग्रामसभेला विचारल्याशिवाय कोयता लावायचा नाही, हा तुमचा दंडकही आम्ही पाळतो. मेंढा-लेखा गावानं 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा हक्क मिळवला, तो याच तालुक्यात. त्या हक्काची किंमत मुलांना कळावी म्हणून परवानगीचा अर्ज मी त्यांच्याकडूनच लिहून घेतो.

एक विनंती आहे. गेल्या हिवाळ्यात तोडलेल्या धामणीच्या बुंध्याला छान फुटवे आलेत. त्यातले कोणते राखायचे आणि कोणते काढायचे, ते पावसाळा सरला की येऊन मुलांना दाखवाल का? गाडी मी पाठवतो. काकूंनाही घेऊन या.

आपला,
तिरंदाजी शिकवणारा मास्तर