मनगटाचा दोष

बडोदे

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

प्रकृती ठीक आहे, साखर आटोक्यात आहे, गुडघा कुरकुरतो. तो विषय एवढ्यावरच संपवतो. आज लिहायचे आहे ते घड्याळाविषयी, कारण घरात कोणाला सांगितले तर ‘नवे घ्या’ एवढेच उत्तर मिळते.

माझे सीको एसकेएक्स००७ हल्ली पहाटे बंद पडू लागले आहे. रात्री काढून ठेवतो तेव्हा चालू असते, आणि सकाळी पाहावे तो काटे चाराच्या आगेमागे उभे. कमान पूर्ण भरलेली असेल तर हे मशीन, म्हणजे तुझे नावडते ७एस२६, चाळीस तास सहज चालते. इतक्या वर्षांत आतले तेल सुकले असणार असे धरून मी रावपुऱ्यात आपल्या घड्याळजीकडे गेलो. आता तिथे मुलगा बसतो. तुझ्या ‘जनता’ची, म्हणजे त्या चावीच्या एचएमटी घड्याळाची, काच बदलताना तू ज्याच्याशी तासभर घासाघीस केली होतीस, तो बाप आता दुकानात येत नाही.

या मशीनला बाहेरून चावी देता येत नाही, मनगट हलले की आतला रोटर फिरतो आणि कमान भरतो, हे तुला सांगायला नको. मुलाने मागचे झाकण उघडले, रोटर बोटाने बाजूला सारला, बारीक स्क्रूड्रायव्हर चाकावरच्या स्क्रूत बसवला आणि सावकाश फिरवत कमान भरली. मग घड्याळ खणात ठेवून दिले. ते ती रात्र चालले, दुसरा दिवस चालले आणि दुसऱ्या रात्रीही बराच वेळ चालले. मी आणायला गेलो तेव्हा तो अत्यंत आदराने म्हणाला, “काका, घडियाळ बराबर छे, हाथ ओछो हले छे.” म्हणजे घड्याळ ठीक आहे, हातच कमी हलतो.

सुधीर, तेव्हापासून मी या डाव्या हाताकडेच पाहतो आहे. नोकरीत असताना आकोट्याहून रोज स्कूटर काढायची, क्लच दाबत मूठ पिळून गिअर बदलायचे, आणि ते सगळे याच हाताचे काम होते. ती स्कूटर ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी पार्किंगमध्ये शिरले तेव्हा बुडाली ती बुडालीच. (मगर आमच्याकडे आली नाही, तुझ्या बहिणीने पुण्यात जे सांगितले ते शेजारच्या सोसायटीचे.) आता आमच्या मुलाची विजेवरची गाडी आहे, तिला गिअर नाहीत, निवृत्तीमुळे जायचेही कुठे नाही. हात खुर्चीच्या दांडीवर पडून असतो आणि त्यावर वर्तमानपत्र. रोटर कोणत्याही बाजूला फिरला तरी कमान भरावी अशी युक्ती सीकोने १९५९ मध्येच काढली, म्हणजे हाताची एकही हालचाल वाया जात नाही. इतक्या काटकसरी यंत्राचेसुद्धा माझ्या जिवावर भागत नाही!

झोपण्यापूर्वी ते हातात धरून हलवून पाहिले, तर हिने विचारले, “आरती कोणाची चालली आहे?”

घड्याळजीचा उपाय सोपा आहे. सीकोचेच एनएच३६ मशीन आत बसवायचे. तबकडी आणि काटे तेच राहतात, चावी देता येते, वेळ लावताना सेकंदकाटा थांबतो, आणि खर्च जुन्याच्या पूर्ण सर्व्हिसिंगपेक्षा कमी. माझ्या घड्याळाचे मॉडेल २०१९ मध्ये बंद झाले, म्हणून जुने मशीन पुडीत बांधून परत देईन असेही तो म्हणतो. तुझे मत मला ठाऊक आहे. ज्याला चावी देता येत नाही ते घड्याळच नव्हे, असे तू कमाटीबागेत चारचौघांत म्हणाला होतास, आणि दोनशे मीटर खोल जाणारे घड्याळ घेऊन सूरसागरात बुडी मारणार का, असेही. बेझल, म्हणजे काचेभोवतीची आकड्यांची कडी, एकाच दिशेने का फिरते, तर धक्का लागलाच तर पाणबुड्याला उरलेला वेळ कमी दिसावा, जास्त दिसू नये, हे मी समजावत होतो आणि तू हसत होतास. बेझलवर मी डाळीची वेळ लावतो हे खरे. पण तुझी ‘जनता’ तरी कुठली अस्सल देशी? एचएमटीने १९६१ मध्ये बंगळूरला घड्याळे करायला घेतली ती जपानच्या सिटिझनच्याच साहाय्याने.

तरीही मन होत नाही. चावीचे मशीन बसवले की सकाळी खुर्चीत बसल्या बसल्या चावी देईन आणि मी दिवसभर जागचा हललो नाही तरी ते चालत राहील. आज निदान पहाटे चारला ते माझी हजेरी घेते. मी हललो नाही तर बंद पडायचा त्याला अधिकार आहे असे मला वाटते, आणि हे वाक्य मी घरात मोठ्याने म्हणू शकत नाही. दुसरीकडे, रोज सकाळी बंद घड्याळ हातात घेण्याचा आता कंटाळाही येतो. कमाटीबागेत फेऱ्या घालायला लागलो आहे, पण गुडघा तीन दिवस बरा असतो तर चौथ्या दिवशी रुसतो.

वहिनींच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले का? घर विकायचे ठरले असे ऐकले. कागद नीट वाचून सही कर. चिरंजीवांना आशीर्वाद.

मशीन मागवू का म्हणून घड्याळजी विचारतो आहे. काय ते लवकर कळव, आणि ‘जनता घे’ असे लिहायचे असेल तर पत्र पाठवू नकोस.

तुझा,
अरविंद