सेउताचा इतिहास १९५६ पासून सुरू होत नाही

महोदय,

आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील सेउता आणि मेलिला या स्पेनच्या ताब्यातील शहरांवर मोरोक्कोचा दावा आहे; पण ती आजचे मोरोक्को अस्तित्वात येण्याआधीपासून आपली आहेत, असे स्पेनतर्फे नेहमी सांगितले जाते. १९५६ मधील स्वातंत्र्यापासूनच मोरोक्कोचे वय मोजायचे ठरवले तर हा दावा बिनतोड वाटेल. परंतु १४१५ मध्ये पोर्तुगालने सेउता जिंकले ते मोरोक्कोवर राज्य करणाऱ्या मरिनी घराण्याच्या सुलतानांकडून, आणि १६९४ मध्ये मोरोक्कोचा सुलतान मौले इस्माईल याच्या सैन्याने त्याच शहराला घातलेला वेढा १७२७ पर्यंत, म्हणजे थेट त्याच्या मृत्यूच्या वर्षापर्यंत, या ना त्या स्वरूपात चालू राहिला. हक्कावर पाणी सोडलेली सत्ता तीन दशके तटाबाहेर तळ ठोकून बसत नाही.

मुंबईकरांना हा विषय परका वाटू नये. १६६१ च्या विवाहकराराने पोर्तुगालने इंग्लंडला मुंबईसोबत सेउताप्रमाणेच जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीवरचे टँजियरही दिले होते (ते इंग्रजांना १६८४ मध्ये सोडावे लागले). सेउता मात्र १६६८ च्या लिस्बन तहाने रीतसर स्पेनकडे गेले. सेउताच्या ध्वजावर पोर्तुगीज राजचिन्ह आजही आहे.

सेउता हा स्पेनचाच अविभाज्य भाग आहे, वसाहत नव्हे, हा युक्तिवाद आपण गोव्याबाबत पोर्तुगालकडूनही ऐकला आहे. शिवाय १७१३ च्या तहाने ब्रिटनकडे गमावलेले जिब्राल्टर स्पेन अजून परत मागतो. तेथील रहिवाशांनी २००२ च्या सार्वमतात ब्रिटन आणि स्पेनचे सह-सार्वभौमत्व फेटाळले, तरीही. सेउताच्या रहिवाशांचे मत मात्र स्पेनला निर्णायक वाटते.

– एक वाचक, दादर, मुंबई