‘कसे लागले?’ हे तिला एकटीला विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर या काळात स्त्रियांवरील हिंसाचाराविरोधात सभा होतात, फेऱ्या निघतात आणि आपल्या वृत्तपत्रातही या विषयावर लेख येतात. त्यांत पोलीस ठाणे, न्यायालय आणि कायदा यांविषयी पुष्कळ लिहिलेले असते. मात्र मार खाल्लेली बाई या तिन्ही ठिकाणी पोहोचण्याच्या कितीतरी आधी ज्या दारातून आत येते, त्या सार्वजनिक रुग्णालयाच्या अपघात विभागाविषयी फारसे कुणी लिहीत नाही. मुंबईतील एका रुग्णालयात मी ३१ वर्षे परिचारिका म्हणून काम केले आणि निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी येऊन राहिले. त्या नोकरीत जे पाहिले आणि जे माझ्या हातून चुकले, त्याच्या आधारावर हे पत्र लिहीत आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रात्री कपाळ फुटलेली एक तरुण बाई कॅज्युअल्टीत आली. सोबत नवरा आणि सासू होती. डॉक्टरांनी “कसे लागले?” असे विचारताच नवऱ्याने “मोरीत पाय घसरला” असे सांगितले, सासूने मान डोलावली आणि ती बाई जमिनीकडे पाहत राहिली. मी केसपेपरवर ‘मोरीत पडून जखम’ असे लिहिले, पाच टाके पडले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि ती गेली. चार-सहा महिन्यांनी ती मनगट मोडून आली. तेव्हाही कारण सांगणारा तोच होता आणि लिहिणारी मीच होते. तिसऱ्या वेळी तिला स्ट्रेचरवरून आणले, कारण तिने फिनेल प्यायले होते. कागदावर ‘चुकून प्यायले’ असे लागले. पोटात नळी घालून ते काढत असताना तिने माझा हात धरला होता, आणि तरीही तिला बाजूला घेऊन एक शब्द विचारावा असे मला सुचले नाही. ती वाचली, घरी गेली आणि पुन्हा आमच्याकडे आली नाही.

मी निर्दय होते असे मला वाटत नाही. आमच्या शिक्षणात जखम धुणे, नाडी पाहणे, इंजेक्शन देणे होते. जखमेमागच्या माणसाविषयी एक तासही नव्हता. शिवाय ‘नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडा’, ‘एमएलसी (म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर नोंद) केली की कोर्टाच्या खेपा घालाव्या लागतात’ ही वाक्ये आम्ही वरिष्ठांकडून ऐकत आलो होतो आणि पुढे नवीन मुलींना तीच ऐकवत होतो. त्या लिखाणाची किंमत काय असते हे मला बऱ्याच वर्षांनी कळले. पोटगी मागणाऱ्या एका बाईच्या वकिलांनी तिचे जुने केसपेपर मागवले, तेव्हा दोन्ही कागदांवर ‘पडून’ एवढेच निघाले. समोरच्या वकिलांना त्याहून अधिक काही सिद्ध करण्याची गरज नव्हती. जी गोष्ट तिने कधी सांगितलीच नव्हती, ती तिच्या नावावर आमच्या रुग्णालयाने लिहून ठेवली होती.

आजही अनेक रुग्णालयांत हेच चालत असेल, तर त्याचे कारण उपाय सापडलेला नाही हे खासच नाही. उपाय मुंबईतच सापडला आणि त्याला २० वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पीडित बाई जिथे येते तिथेच प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ती बसलेली असावी, ही त्यामागची कल्पना पुढे राज्य शासनाने स्वीकारली आणि असे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत गेले. तीच कल्पना ‘सेहत’ ही संस्था आणि बृहन्मुंबई महानगरपालिका यांनी मिळून रुग्णालयात आणली. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र उभे राहिले, नंतर कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयात दुसरे आले आणि पुढे मुंबईतील ११ महापालिका रुग्णालयांपर्यंत हे काम पोहोचले. केरळने याच धर्तीवर ‘भूमिका’ या नावाने आपल्या रुग्णालयांत केंद्रे काढली. संस्थेने वेगळी इमारत बांधून त्यावर मोठी पाटी लावली असती, तर त्या पाटीखालून आत शिरायला किती बायका धजल्या असत्या? रुग्णालयात येण्यासाठी मात्र बाईला घरी कुणाची विशेष परवानगी काढावी लागत नाही. डोके दुखते, पाळी अनियमित आहे, मुलाला ताप आहे, एवढे कारण पुरते. तिथे कुणी पाहिले तरी संशय घेत नाही.

अशा केंद्रात नेमके काय चालते याविषयी आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत, म्हणून ते थोडे विस्ताराने लिहिते. बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टरांना किंवा परिचारिकेला संशय आला, म्हणजे जखम आणि सांगितलेले कारण जुळत नसले, बाई वरचेवर अंगदुखी आणि झोप न लागण्याची तक्रार घेऊन येत असली, गरोदरपणात पोटाला मार लागला असला किंवा कुणी ‘चुकून’ औषध प्यायले असले, तर तिला सोबतच्या माणसांपासून दूर, दार लावता येईल अशा खोलीत समुपदेशकाकडे नेले जाते. तिथे पहिला प्रश्न तिच्या सुरक्षिततेचा असतो. आज रात्री घरी गेलात तर काय होईल, घरात हत्यार आहे का, मुले कुठे आहेत, शेजारी हाक मारण्याजोगे कुणी आहे का, हे विचारले जाते. घरी परतणे धोक्याचे असेल तर निरीक्षणाखाली ठेवण्याच्या निमित्ताने तिला एक-दोन दिवस वॉर्डातच खाट मिळू शकते, आणि तेवढ्या वेळात माहेर, निवारागृह किंवा पोलीस यांपैकी कुठला मार्ग धरायचा हे ती स्वतः ठरवू शकते. जिला परत जायचेच असते, तिला रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचे पासबुक, मुलांचे शाळेचे दाखले आणि दागिन्यांच्या पावत्या एका पिशवीत घालून विश्वासाच्या घरी ठेवायला सांगितले जाते. हे वाचायला किरकोळ वाटेल. पण अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेल्या बाईला त्या पिशवीवाचून शाळेपासून न्यायालयापर्यंत प्रत्येक दारात अडावे लागते.

नवऱ्याला बोलावायचे की नाही, हे तीच सांगते. बोलावले तरी ‘दोघांनीही थोडे सोडून द्या’ अशी भाषा तिथे नसते, कारण मारहाण ही देवाणघेवाणीत बसवण्याची गोष्टच नाही. पंचायतीची बैठक आणि समुपदेशन यांत हाच फरक आहे. अनेक ‘समेट’ या एका फरकापाशी फसतात.

निवृत्तीच्या आधी काही वर्षे मला अशा प्रशिक्षणाला बसायला मिळाले. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर शिकवणाऱ्या बाईंनी हिंसेचे प्रकार फळ्यावर लिहिले. मारणे आम्हांला माहीत होते. पण पगार काढून घेणे, माहेरी फोन करू न देणे, मुलगी झाली म्हणून बोलणे बंद करणे, इच्छा नसताना शरीरसंबंध लादणे हेही त्या यादीत होते. खोलीत शांतता पसरली. मग आमच्यातली एक ज्येष्ठ सिस्टर, जिला सगळे वॉर्ड घाबरत असत, हळू आवाजात म्हणाली, “माझे एटीएम कार्ड २२ वर्षे त्यांच्याकडेच आहे.” त्यानंतर तिघी-चौघी बोलल्या. स्वतःच्या घरात जे सोसायचे असते असे मानले, ते समोरच्या पेशंटच्या बाबतीत ओळखायचे कसे, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला. म्हणून या प्रशिक्षणाला ‘एक दिवसाची कार्यशाळा, चहा आणि प्रमाणपत्र’ असे स्वरूप देऊन चालणार नाही. कर्मचाऱ्यांच्या बदल्या होत राहतात, नवे येतात. ते सतत चालू ठेवावे लागते, आणि त्यात आयाबाई व वॉर्डबॉय यांनाही घ्यावे लागते, कारण बाईचे पहिले वाक्य पुष्कळदा मावशींच्याच कानांवर पडते.

कायद्याचीही अडचण नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ साली संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याखालील नियमांप्रमाणे पीडित बाईकडे आधीचा कोणताही अहवाल नाही म्हणून रुग्णालयाला उपचार नाकारता येत नाहीत. असा अहवाल झालेला नसेल तर रुग्णालयाच्या प्रमुखाने नमुना १, म्हणजे ज्याला सगळे ‘डीआयआर’ म्हणतात तो कौटुंबिक घटना अहवाल, भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा असतो, आणि तपासणीच्या अहवालाची प्रत बाईला विनामूल्य द्यायची असते. विष किंवा फिनेल घेऊन आलेल्या बाईच्या बाबतीतही खटल्याच्या भीतीचे कारण उरलेले नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच मुळात धरले जाते. तरीही ‘चुकून प्यायले’ असेच लिहिण्याची सवय सुटत नाही. माझी विनंती आहे की प्रत्येक रुग्णालयाच्या अधीक्षकांनी नमुना १ चे कोरे कागद कॅज्युअल्टीच्या टेबलाच्या खणात आहेत की नाहीत, एवढे एकदा स्वतः जाऊन पाहावे.

आता आमच्या भागाविषयी. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी २५.२ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. म्हणजे साधारण चौघींत एक. याच सर्वेक्षणानुसार देशभरात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे मदत मागितली. शासनाची ‘सखी’ वन स्टॉप केंद्रे आहेत, १८१ ही हेल्पलाइन आहे, आणि त्यांचा उपयोग होतो हे मी नाकारत नाही. पण केंद्र असते जिल्ह्याच्या ठिकाणी. पाटण किंवा माण तालुक्याच्या टोकाच्या गावातून साताऱ्याला जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. एसटीचे तिकीट २०२३ पासून बायकांना अर्धे झाले हे खरे. परंतु साताऱ्याला कशासाठी निघालीस, या घरातल्या प्रश्नाला उत्तर द्यावेच लागते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाताना ते द्यावे लागत नाही. म्हणून जिल्ह्यातले केंद्र आणखी सजवण्यापेक्षा ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत एकेक प्रशिक्षित समुपदेशक बसवणे मला अधिक निकडीचे वाटते.

यावर मला दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. डॉक्टरांना वेळ नसतो, हा पहिला. आणि तो खरा आहे, सोमवारच्या ओपीडीची रांग मी आयुष्यभर पाहिली आहे. परंतु डॉक्टरांनी समुपदेशन करावे असे कुणीच म्हणत नाही. “सोबतच्यांनी जरा बाहेर थांबा, तपासायचे आहे” हे वाक्य, मग बाईला एक प्रश्न आणि ती जे सांगेल ते तिच्या शब्दांत, नाव आणि नात्यासह कागदावर, इतकेच त्यांचे काम. याला पाच मिनिटे लागतात. दुसरा आक्षेप असा की या संस्था संसार मोडतात. माझ्या पाहण्यात तरी आलेल्या बहुसंख्य बायका घरी परतल्या, कारण त्यांना नवरा सोडायचा नव्हता, मार थांबायला हवा होता. आपल्यामागे कुणी आहे, कागदावर नोंद आहे आणि पुढच्या वेळी आपण एकटे नाही, हे कळल्यावर त्या वेगळ्या बळाने परतल्या. काही घरांत मार थांबला. काही घरांत थांबला नाही, तेव्हा त्या मुलांना घेऊन निघाल्या, आणि तो निर्णय त्यांचा होता.

मुलांविषयीही लिहायला हवे. आईला टाके पडत असताना दाराशी उभे असलेले सात-आठ वर्षांचे मूल कुणाच्याच कागदावर नसते. ते घरी नीट जेवत नाही, शाळेत मारामारी करते किंवा अगदी गप्प होते, आणि त्याला ‘हट्टी’ ठरवले जाते. त्याच्याशी बोलणारे माणूसही याच खोलीत हवे.

आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात ओपीडीच्या मागच्या बाजूला, बाळंतपणाच्या वॉर्डाकडे जाणाऱ्या वाटेवर एक खोली आहे. तिला दार आहे, कडी आहे, खिडकी अंगणाकडे आहे आणि सध्या तिच्यात मोडक्या खाटा ठेवल्या आहेत. गावातल्या बचत गटांच्या बायकांनी सह्या करून ती खोली या कामासाठी मागितली आहे. समुपदेशकाचे पद मंजूर व्हायला वेळ लागेल हे आम्ही जाणतो. तोपर्यंत मी आणि माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या आणखी दोन परिचारिका आठवड्यातून दोन दिवस, मंगळवारी आणि बाजाराच्या दिवशी, विनावेतन बसायला तयार आहोत. ज्यांनी असे प्रशिक्षण घेतले आहे अशा इतर तालुक्यांतील निवृत्त सिस्टरांनी आपापल्या रुग्णालयांच्या अधीक्षकांना असेच पत्र द्यावे, यासाठी आपण हे पत्र छापावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, सातारा जिल्हा
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयाकडे स्वतंत्रपणे दिला आहे, तो प्रसिद्ध करू नये.)