लोला, त्या रिकाम्या पट्टीबद्दल

प्रिय लोला,

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुला वाचता येणार नाही. रविवारी फोनवर मी ते तुझ्या नातीला तुमच्या बिसाया भाषेत मोडकंतोडकं सांगेन आणि ती तुला सांगेल, त्यात निम्मं गळेल. तरी मराठीत लिहिते आहे, कारण तुझ्याबद्दल जे खोटं बोलले, ते फिलिपिन्समधल्या दावाओच्या हॉस्पिटलात एकदा आणि साताऱ्यातल्या आमच्या घरी अनेकदा. घरच्यांनी हे वाचायला हवं.

तुला ‘तू’ म्हणते आहे. मनिलाकडचे लोक मोठ्यांशी बोलताना वाक्यावाक्याला आदराचा ‘पो’ लावतात, तुमच्या बिसायात ते नाही. आणि ‘लोला’ म्हणजे आजी, आमच्याकडे आजीला ‘तू’च म्हणतात.

2019 चा ऑगस्ट. डेंग्यूची राष्ट्रीय साथ म्हणून फिलिपिन्स सरकारने जाहीर करून आठवडा झाला होता. मातिनातल्या तुमच्या घराच्या वरच्या खोलीत आम्ही तिघी मराठी मुली, दावाओत डॉक्टर व्हायला आलेल्या. तू खाली. सकाळपासून तुझ्या दाराशी माणसं: कुणाचं मनगट लचकलेलं, कुणाचं पोर रात्रभर किरकिरलेलं. तू खोबरेल घेऊन चोळायचीस, पुटपुटायचीस, पोराला ‘बुयाग’ झालंय म्हणायचीस. परक्या माणसाने ‘काय गोड आहे’ म्हटलं की पोराला बाधतं, म्हणून म्हणतानाच ‘पुएरा बुयाग’ म्हणून टाकायचं. आम्ही वर बसून हसायचो. हसण्याचा मला काही अधिकार नव्हता. लहानपणी आमच्याकडे कुणी माझं कौतुक केलं की संध्याकाळी आई मीठ-मोहऱ्या घेऊन ‘आल्यागेल्याची’ करत उभीच असायची. फक्त बाबा घरी नसताना. बाबा विज्ञानाचे शिक्षक. दाभोलकरांच्या व्याख्यानांना त्यांनी मला सायकलवर पुढे बसवून नेलंय. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, त्या दिवशी ते जेवले नाहीत. अशा घरातली मुलगी मी, तुझ्यासारख्या झाडपाला-मंत्रांनी बरं करणारीला ‘तांबालान’ म्हणतात हे कळल्यावर नाक मुरडणारच.

मला ताप आला तेव्हा आम्ही सामाल बेटावर जाऊन आठवडा झाला होता. तिसऱ्या दिवशी तू जिना चढून वर आलीस. पहिला प्रश्न, तिथे कुठल्या झाडाखाली बसलात? बालेतेच्या, तुमच्या वडाच्या का? लघवीला कुठे गेलात? जाताना ‘ताबी आपो’, म्हणजे जरा वाट द्या, असं तिथल्या अदृश्यांना म्हणालात का? मी तापातही चिडले. पण आमच्याकडे वडापिंपळाखालून तिन्हीसांजेला जाऊ नको म्हणतात, ते याहून वेगळं काय होतं? झाडात राहणाऱ्या त्या अदृश्यांना तुम्ही ‘डिली इंगोन नाटो’ म्हणता, आपल्यासारखे नसलेले. आम्ही नावही घेत नाही, नुसतं ‘बाहेरचं’ म्हणतो.

मग तू मातीच्या शेगडीत निखारे आणलेस. ‘तावास’ म्हणून जो खडा तू माझ्या अंगावरून फिरवलास तो बघून मी उठूनच बसले. तुरटी! नेमका त्याच वेळी आईचा व्हिडिओ कॉल आला. निखाऱ्यावर तुरटी फुगली, फसफसली, पांढरी वेडीवाकडी झाली. ती तू पाण्याच्या वाडग्यात सोडून वाकून बघत बसलीस. आणि तिकडून साताऱ्याहून आईने आवाज खाली करून विचारलं, “काय दिसलं गं त्यांना?” तुला मराठी येत नाही, तिला बिसाया येत नाही, पण प्रश्न तुला कळला असावा. तू नुसती हात हलवून हसलीस. त्या दिवशी आईने पपईच्या पानांचा रस घ्यायला सांगितलं, तू तावा-तावाचा काढा दिलास. तोडलं की पांढरा चीक येणारं ते तण आमच्याकडेही पडक्या जागेत उगवतं. मी दोन्हींवर मनात फुली मारली आणि दोन कप काढा पिऊन टाकला. कडू नव्हता.

तुला माहीत नव्हतं असं मला वाटत होतं ते पुढचं. अंग इतकं मोडून आलं होतं की कोपऱ्यावरच्या सारी-सारीतून, म्हणजे छोट्या किराणा दुकानातून, मी मेफेनॅमिक अ‍ॅसिडच्या कॅप्सूल आणल्या, दोन दिवसांत पट्टी संपवली. डेंग्यूचा नुसता संशय असला तरी असली वेदनाशामकं घ्यायची नाहीत, रक्तस्राव वाढू शकतो, फक्त पॅरासिटामॉल. हे आठवडाभर आधी मीच मैत्रिणींना ऐकवलं होतं.

पाचव्या दिवशी ताप उतरला. मला हायसं वाटलं. तुला वाटलं नाही. तू माझे तळपाय हातात धरलेस, ते गार होते. पोट दाबलंस, मी कळवळले. ओठ वर करून हिरड्या पाहिल्यास. शेवटची लघवी कधी झाली विचारलंस, आणि मला आठवेना. डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना असतो, रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागतं, हे मी नंतर पुस्तकात वाचलं. तू हात पुसलेस आणि म्हणालीस, “डिली नी आकोआ.” हे माझ्याकडचं नाही. “आदतो ता सा ओस्पिताल.” चल, हॉस्पिटलात जाऊ.

ट्रायसिकलमध्ये तू मला कुशीत धरून बसली होतीस. पुढे सलाइन, दर काही तासांनी रक्त तपासणं, प्लेटलेट 28 हजार. ते सगळं आता धूसर आहे. धूसर नाही ते एवढंच: तरुण डॉक्टरने विचारलं, आतापर्यंत काय काय घेतलं? मी म्हणाले, पॅरासिटामॉल. आणखी काही? नाही. झाडपाला वगैरे? नाही. या कोण? मी इंग्रजीत म्हणाले, घरमालकिणीची आई, सोबत आल्यात फक्त.

तुला तेवढं इंग्रजी येत होतं, लोला.

तू एक शब्दही न बोलता झग्याच्या खिशातून ती रिकामी पट्टी काढलीस. माझ्या कचऱ्याच्या डब्यातून उचललेली, चोळामोळा झालेली. ती डॉक्टरच्या टेबलावर ठेवून बोटाने सपाट केलीस. मग सांगितलंस: ही सगळी, दोन दिवसांत. तावा-तावा दोन कप, परवा. पोटाला खोबरेल लावलं, चोळलं नाही. लघवी सकाळपासून नाही. डॉक्टर लिहीत गेला. आधी त्याच्या ओठावर जे हसू होतं ते पट्टी बघून गेलं. त्या खोलीत दोन जण वैद्यकशास्त्र शिकलेले होते, आणि रोग्याची खरी हकिकत तिसरीने सांगितली.

बाबा, तुम्हाला मी सांगितलं होतं की घरमालकिणीने लक्षणं ओळखून हॉस्पिटलात नेलं. घरमालकीण त्या आठवड्यात सेबूला होती. मला नेलं ते गुड फ्रायडेला मंत्र म्हणत खोबरेल काढणाऱ्या बाईने. तुम्ही म्हणाल, एक तांबालान शहाणी निघाली म्हणून बाकीच्यांच्या दारात जाऊन उशीर केल्याने माणसं मरतात ते खोटं होत नाही. बरोबर आहे. इथे ग्रामीण रुग्णालयात साप चावलेला माणूस मंत्र घालून दोन तास उशिरा येतो, तेव्हा मीही ओरडते. पण ओरडण्याआधी आता विचारते: कुठे कुठे दाखवलं? काय बांधलं, काय पाजलं, दुकानातून काय आणलं? आवाज चढवला की लोक तेच करतात जे मी केलं.

लोला, घरी आल्यावर मी पैसे पुढे केले तेव्हा तू तुझ्या देव्हाऱ्यातल्या सांतो निन्योकडे, बाळ येशूकडे, बोट दाखवलंस. ही देणगी त्याची, त्याचा दर लावायचा नसतो. मी त्याच्यापुढे नोट ठेवली आणि तुझा हात कपाळाला लावला. आभार तेव्हाच मानायचे होते, पण त्यासाठी आधी खोटं बोलले हे कबूल करावं लागलं असतं. आता करते. तुझे आभार. ती पट्टी उचलल्याबद्दल, आणि डॉक्टरसमोर मी तुला ओळख दिली नाही तरी त्या रात्री माझ्या खाटेपाशी बसून राहिल्याबद्दल.

एक राहिलं. तुमच्या औषधांच्या दुकानात खोकल्यासाठी लागुंडीचं सिरप मिळतं, सरकारनेच मान्य केलेलं. ती लागुंडी म्हणजे आमची निर्गुंडी. आमच्याकडे बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात घालतात. परसातल्या झुडपाचा फोटो पाठवते, पानं तीच आहेत का बघ.

आणि तुरटीत काय दिसलं होतं ते तू अजून सांगितलेलं नाहीस. आई दर वेळी विचारते. मागच्या आठवड्यात बाबांनीही विचारलं.

तुझी,
वरच्या खोलीतली