जपानी टर्बो गाडी घेताय? आधी ऑक्शन शीट बघा

संपादक साहेब, नमस्कार,
मी ऑकलंडला राहतो, इथे जपानहून आलेल्या जुन्या गाड्या रस्त्यावर भरपूर दिसतात, स्टिअरिंगही आपल्यासारखंच उजवीकडे, त्यामुळे आपली पोरं टर्बोवाली इम्प्रेझा, स्कायलाईन बघून वेडी होतात. मीही झालो, सात वर्षं इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स चालवतोय, पावसात घाट चढताना चारही चाकं रस्ता धरतात ते सुख वेगळंच!

पण किंमत बघून उडी मारू नका. जपानच्या लिलावातली ऑक्शन शीट, म्हणजे गाडी तपासून तिची अवस्था आणि ग्रेड लिहिलेला कागद, मागा, ग्रेड आर असेल तर गाडीचं अपघातानंतर रिपेअर झालंय. तिकडे बर्फावर मीठ टाकतात म्हणून खालून गंज बघाच. टायमिंग बेल्टही (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडमिट करणारा पट्टा) १,००,००० किमीला बदलायचा, तुटला तर इंजिनच जातं. मॉडिफिकेशनला पैसे आहेत आणि सर्व्हिसला नाहीत, हे मला अजिबात पटत नाही.

एक वाचक, ऑकलंड