पाटीवरच्या स्पेलिंगबद्दल एका पेंटरचं पत्र

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, दुकानांच्या पाट्यांवर कसलं भयंकर इंग्लिश लिहितात म्हणून, आणि शेवटी त्यांनी टोला मारला की पेंटर लोकांना निदान चौथीपर्यंतचं इंग्लिश तरी यायला पाहिजे. मी नाशिकरोडला तीस वर्षं पाट्या रंगवतोय, आता ब्रश कमी आणि फ्लेक्स जास्त झालंय पण धंदा तोच, म्हणून म्हटलं आपणच उत्तर द्यावं.

चूक मी पण केलीय, लपवत नाही. सुरुवातीला एका वह्यापेनांच्या दुकानाची पाटी केली, स्टेशनरी, आणि शेवटाकडे ई पाहिजे तिथे ए काढला. मालक म्हणाला अरे याचा अर्थ 'जागचा न हलणारा' असा होतो, आणि पन्नास रुपये कापले. तेव्हा पन्नास रुपये म्हणजे काय होते ते ज्याचे कापले गेले त्यालाच माहिती. त्या रागात जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून एक जाडजूड डिक्शनरी आणली, शब्द कुठून आला ते सांगणारी, आणि बघतो तर काय, दोन्ही शब्द मुळात एकच! पूर्वी युरोपात फिरून माल विकणारे फेरीवाले पुष्कळ, पण युनिव्हर्सिटीजवळ एका जागी कायमचं दुकान थाटून पुस्तकं विकायचा तो स्टेशनर, म्हणजे जागचा न हलणारा, आणि तो विकतो ती स्टेशनरी. ए आणि ई चा फरक नंतर कुणीतरी पाडला. ते दुकान अजून तिथेच आहे, हललेलं नाही, पण माझे पन्नास रुपये काही परत आले नाहीत.

तेव्हापासून नादच लागला म्हणा. पाटी वाळेपर्यंत बसून करायचं काय, डिक्शनरी चाळायची. आणि माझ्या लक्षात असं आलं की ज्या स्पेलिंगवरून आपल्याला हसतात त्यातली निम्मी भानगड आमच्याच धंद्यातल्या लोकांनी केलेली आहे.

इंग्लंडात छापखाना आणला विल्यम कॅक्स्टनने, १४७६ ला, वेस्टमिन्स्टरमध्ये. हा माणूस त्याआधी कित्येक वर्षं आजच्या बेल्जियममधल्या ब्रुज गावी राहिलेला, कामाला कारागीर पण तिकडचेच आणले. आता डोळ्यासमोर आणा, परमुलखातला कंपोझिटर, म्हणजे अक्षरं जुळवणारा, हातात शिशाचे खिळे, म्हणजे छापायची सुटी अक्षरं, समोर इंग्लिश मजकूर, आणि त्या काळी एकच शब्द चार जण चार तऱ्हेने लिहायचे, विचारणार कुणाला? भुताला इंग्लिशमध्ये घोस्ट, त्यात आधी एच नव्हताच, पण तिकडच्या फ्लेमिश भाषेत तसल्याच शब्दात एच असायचा म्हणून गड्यांनी सवयीने लावून टाकला असं जाणकार मानतात. तो एच पाचशे वर्षं झाली तिथेच आहे, आवाज नाही काही नाही, नुसता बसलाय. ओळ दोन्ही कडांना सरळ बसावी म्हणून शब्दाच्या शेवटी एखादा ई वाढवायचा नाहीतर कमी करायचा हेही त्या काळी सर्रास चालायचं. हे वाचलं तेव्हा मी मोठ्याने हसलो, कारण पाटीची रुंदी आणि गिऱ्हाईकाचं नाव यांचा मेळ कधीच बसत नाही हे पेंटरइतकं कुणाला कळणार!

आणि गंमत बघा, छापून स्पेलिंग गोठत चाललं आणि नेमके त्याच दोनतीनशे वर्षांत उच्चार बदलत गेले. गुडघा म्हणजे नी, त्यातला सुरुवातीचा के पूर्वी खरंच म्हणायचे, क्नी असं. नावाला जे नेम म्हणतात ते आधी जवळजवळ आपल्या 'नाम'सारखं म्हणायचे, आणि दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. म्हणजे स्पेलिंग बघून 'नामे' वाचणारं पोरगं मास्तरांचा मार खातं पण सातशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये त्याला कुणी हसलं नसतं. आता आपणही काही फार सरळ नाही, चमचा म्हणताना च वेगळा आणि चमचे म्हणताना वेगळा, लिहिताना मात्र एकच, पण आपण निदान जास्तीची अक्षरं पेरत नाही.

आता त्या पत्रवाल्या साहेबांना वाटेल की अडाणी कारागिरांनी घोळ घातला. तर शिकलेल्यांनी काय केलं तेही ऐका. कर्जाला डेट म्हणतात, तो शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता, लोक सुखाने डी ई टी टी ई असं लिहायचे. मग पंडितांना आठवलं की लॅटिनमध्ये मूळ शब्द डेबिटम, म्हणून आमची विद्वत्ता दिसावी म्हणून मध्ये एक बी खोचला जो कुणीच बोलत नाही. डाऊट मध्येही तोच प्रकार. हे तरी मूळ धरून होतं, बेटाला आयलंड म्हणतात त्यातला एस तर सरळसरळ चूक आहे. तो शब्द अस्सल जुना इंग्लिश, लॅटिनशी काही संबंध नाही, पण बेटालाच आईल असा लॅटिनमधून आलेला दुसरा शब्द आहे, त्यावरून यांना वाटलं दोघं भाऊच, आणि दिला त्यालाही एस चिकटवून. ही चूक कोणत्या पेंटरने केली नव्हती.

पाट्यांचंच बोलायचं तर इंग्लंडात जुनाट दिसावं म्हणून दुकानांवर 'ये ओल्ड' अमुकतमुक असं अजून लिहितात. तो 'ये' नाहीच आहे, तो 'द' आहे! 'थ' आणि 'द' या आवाजांसाठी जुन्या इंग्लिशला एक वेगळं अक्षर होतं, थॉर्न म्हणायचे, हाताने लिहिताना ते वाय सारखं दिसायला लागलं, आणि बाहेरून आणलेल्या खिळ्यांत थॉर्न नसल्यामुळे छापणाऱ्यांनी वायच वापरला. वाचणारे तेव्हा 'द'च वाचायचे. आज हौसेने 'ये' वाचतात, टुरिस्ट फोटो काढतात, कुणी पेपरला पत्र लिहित नाही.

क्रिकेटवाल्यांसाठी एक. अंपायर हा मुळात नंपायर, जुन्या फ्रेंचमध्ये 'नोंपेर' म्हणजे जोडीत नसलेला, दोघांच्या भांडणातला तिसरा. इंग्लिशमध्ये त्याच्या अगोदर 'अ' लावून 'अ नंपायर' म्हणायचे, घाईत बोलता बोलता 'न' सुटून त्या 'अ' ला जाऊन चिकटला आणि 'अॅन अंपायर' झालं. ऐकण्यातली चूक, पण आता तीच शुद्ध. ॲप्रनचंही तसंच.

आणि डिक्शनरी म्हणजे ब्रह्मवाक्य असं ज्यांना वाटतं त्यांनी डॉर्ड हा शब्द शोधावा. १९३४ च्या वेब्स्टर या नावाजलेल्या अमेरिकन मोठ्या डिक्शनरीत तो छापलाय, अर्थ दिलाय घनता. असा शब्दच जगात नाही. ऑफिसमध्ये एक चिठ्ठी होती, 'डी ऑर डी', एक डी कॅपिटल आणि एक स्मॉल, म्हणजे घनतेसाठी या अक्षराची खूण वापरतात एवढंच, ती चिठ्ठी संक्षेपांच्या गठ्ठ्यात जायची ती शब्दांच्या गठ्ठ्यात गेली आणि कुणीतरी सगळं जोडून वाचलं. पाच वर्षांनी, १९३९ ला, एका संपादकाला दिसलं की या शब्दाला मूळच दिलेलं नाही, तेव्हा भांडं फुटलं. आमच्या धंद्यात असं झालं असतं तर पाटी त्याच दिवशी खाली उतरवायला लावली असती, शिवाय पैसे कापून.

शेवटचं आपल्या गावाशेजारचं. इंग्लिशमध्ये डोक्याने सरकलेल्या माणसाला डूलाली म्हणतात, ते म्हणजे आपलं देवळाली. इंग्रजांच्या काळात नोकरीची मुदत संपलेले गोरे सोल्जर इथल्या कॅम्पात आणून ठेवायचे, आणि घरी नेणाऱ्या बोटी फक्त थंडीच्या सीझनमध्ये सुटायच्या. ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपली तो बसला महिनोनमहिने, काम नाही, वर ऊन, लोकं भ्रमिष्टासारखी वागायला लागली. मग 'डूलाली टॅप' असा शब्दच पडला, टॅप म्हणजे आपला ताप. आज तो इंग्लिश डिक्शनरीत आहे, ओ दोनदा आणि एल तीनदा, आणि त्याला कुणी चुकीचं स्पेलिंग म्हणत नाही.

मला मात्र गावाच्या नावाची अडचण रोजची आहे. रेल्वे स्टेशनच्या बोर्डावर इंग्लिशमध्ये व्ही घालून देवलाली, कॅन्टोन्मेंटवाले ओ घालून देओलाली. म्हणून तिकडचं गिऱ्हाईक आलं की आधीच विचारून घेतो, साहेब व्ही टाकू का ओ, आणि कागदावर सही घेतो. ते डिक्शनरीतलं तिसरं अजून कुणी मागितलेलं नाही.

आपला एक वाचक,
नाशिकरोड