‘सपाट’ वाटांवरचे चढ

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतील समुद्रकाठच्या आणि गावांकडच्या निवांत सायकलवाटांविषयीचा लेख वाचला. छायाचित्रे सुरेख आहेत, भाषा प्रसन्न आहे, आणि सायकल हे शर्यतीइतकेच रमतगमत पाहत जाण्याचेही साधन आहे, हा लेखकाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. माझी तक्रार एकाच शब्दाविषयी आहे. लेखातील चार वाटांपैकी तीन वाटांपुढे ‘सपाट’ असे छापले असून, त्या समुद्राला लागून जातात एवढेच त्याचे कारण दिले आहे. समुद्र सपाट असतो हे मीही ऐकून आहे. किनाऱ्याविषयी मात्र तसे छातीठोकपणे सांगता येत नाही.

वाळूच्या सलग पट्ट्यामागून जाणारा रस्ता खरोखरच सपाट असतो. पण डोंगराच्या सोंडा जिथे थेट पाण्यापर्यंत उतरलेल्या असतात, तिथे तोच रस्ता प्रत्येक सोंडेवर चढतो आणि प्रत्येक खाडीपाशी पुन्हा उतरतो. चाळीस-चाळीस मीटरचे असे दहा चढ आले की बेरीज चारशे मीटर होते, म्हणजे एखाद्या लहानशा घाटाइतकी. फरक इतकाच, की घाट आपला हेतू आधी सांगतो आणि माथ्यावर पोचवून मोकळा होतो. किनाऱ्याचा रस्ता कमावलेली उंची दर वेळी काढून घेतो.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. दोन वर्षांपूर्वी आपल्याच पुरवणीत आलेली, ‘सर्वांना सहज झेपेल’ अशी शिफारस असलेली तीस किलोमीटरची वाट पत्नी आणि मी मोठ्या विश्वासाने निवडली. दोघांच्याही सायकली साध्या, बिनगिअरच्या. पहिला चढ गप्पा मारत, दुसरा गप्पा थांबवून आणि तिसरा सायकली हाताने ढकलत पार केला. चौथ्याच्या पायथ्याशी पत्नीने सायकल झाडाला टेकवली आणि अत्यंत शांतपणे विचारले, की लेखक या रस्त्याने सायकलवर गेले होते की मोटारीत बसून. त्या प्रश्नाचे उत्तर मला आजवर देता आलेले नाही. तेव्हाही मी आपणास पत्र लिहिले होते. ते बहुधा अशाच एखाद्या सपाट वाटेवर हरवले असावे.

परतीची कथा वाऱ्याची आहे, आणि कालच्या लेखात वारा फक्त ‘सुखद’ आहे. उन्हाने जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. म्हणून सकाळी पडलेला वारा दुपारी अंगावर येतो, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणालाही विचारले असते तरी कळले असते. आम्ही नऊला निघालो आणि साडेबाराला परत फिरलो. रस्ता जिथे जिथे समुद्राकडे तोंड करून वळत होता, तिथे उतारावरसुद्धा पायडल मारावे लागत होते. ताशी पंधरा किलोमीटरने जाताना समोरून तितकाच वारा आला, तर अंगावर येणाऱ्या हवेचा वेग दुप्पट आणि तिचा अडथळा चौपट होतो. पहाटे निघावे आणि वारा उठायच्या आत परतावे, हे एक वाक्य तेव्हाच्या लेखात असते तर आमची दुपार वाचली असती.

लेखकाने परदेशांतील बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरच्या सायकलवाटांचा ओझरता उल्लेख केला आहे, पण तो केवळ जुन्या पुलांच्या सौंदर्यासाठी. त्या वाटा सोप्या का आहेत, हे सांगायचे राहूनच गेले. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड कमी असल्यामुळे आगगाडीला तीव्र चढ चढवत नाही. म्हणून अभियंत्यांनी डोंगर फोडून आणि भराव घालून चढ आधीच सौम्य करून ठेवले, आणि आज सायकलस्वार त्याचा लाभ घेतात. न्यूझीलंडमधील ओटागो सेंट्रल रेल ट्रेल सुमारे 150 किलोमीटरची असूनही तिच्यावरचा तीव्रातला तीव्र चढ पन्नास मीटरला एक मीटर इतकाच आहे. जपानमधील शिमानामी काइदो ही सुमारे 70 किलोमीटरची वाट तर बेटांना जोडणाऱ्या उंच पुलांवरून जाते, पण सायकलींसाठी पुलावर चढण्याचे रस्ते मुद्दाम लांबवून त्यांचा चढ तीन टक्क्यांच्या आसपास ठेवला आहे. थोडक्यात, नवख्याला किंवा वयस्काला किलोमीटरचा आकडा फारसे काही सांगत नाही. एकूण चढाई किती आणि सर्वांत तीव्र चढ किती टक्क्यांचा, हे दोन आकडे त्याच्या कामाचे आहेत.

जाता जाता नकाशाविषयी. त्यावर होकायंत्राचे नक्षीदार चित्र आहे, प्रमाणपट्टी मात्र नाही. त्यामुळे दोन गावांमधले अंतर बोटभर आहे एवढेच समजते. शिवाय पहिल्या छायाचित्रात सायकल लाटांच्या फेसातून चाललेली दाखवली आहे. खारे पाणी आणि वाळू चेनमध्ये गेली की ती गंजते आणि झिजते. पाहून अनुकरण करणाऱ्यांना घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल द्यायला तरी सांगावे.

लेखमालेचा पुढचा भाग येत्या रविवारी आहे, असे आपण कळवले आहे. त्यातील वाटांपुढे एकूण चढाईचा आकडा छापावा, एवढीच विनंती. जागा कमी पडत असल्यास लेखकाचे सायकलसह छायाचित्र वगळता येईल. त्यात सायकल तशीही स्टँडवरच उभी आहे.

आपला,
एक जुना वाचक